मुकुटाचं माप

मी लाउरो बोलतोय. इटलीत, पादोव्हा शहरातल्या एका अंगणात, विहिरीशेजारी उभा आहे. तुमच्या तमालपत्राचा लांबचा भाऊबंद म्हणा. इथे माझी पानं रश्श्यात पडतात आणि डहाळ्या पदवीधरांच्या डोक्यावर चढतात. पदवीला इथे म्हणतातच 'लाउरेआ', म्हणजे माझ्या पानांचा मुकुट. विद्यापीठाने नाव माझं घेतलं, पण समारंभाला मला काही कधी बोलावलं नाही!

मला लावलं ओर्तेन्सियाच्या वडिलांनी, ती जन्मली तेव्हा. "पोरीच्या मुकुटाची सोय झाली," म्हणाले. पोरगी हुशार, पण भारी उतावळी. शेवटची परीक्षा बाकी असतानाच तिने मुकुट करून डोक्यावर ठेवला आणि आरशात पाहिलं. पदवीआधी मुकुट घालणं हा इथे मोठा अपशकुन. त्याच महिन्यात वडील गेले, शिक्षण सुटलं. आपणच हे ओढवून घेतलं, असं ती मानत राहिली.

पुढे गल्लीतल्या साऱ्या पोरांचे मुकुट तिनेच विणले. पण माप बघायलासुद्धा स्वतःच्या डोक्यावर ठेवला नाही. रश्श्याच्या पातेल्यावर बसवून बघायची. पोरं गात यायची, अंगण दणाणून जायचं. काय दिवस होते ते!

तिने सत्तरी ओलांडल्यावर नवरा, बेपी, म्हणाला, "आता तरी दे की ती परीक्षा."

"गप रे! म्हातारचळ लागला म्हणतील लोक."

"म्हणू देत. मी पातेलं घासून ठेवतो."

निकालाच्या दिवशी बेपी कात्री घेऊन माझ्यापाशी उभा. पण ती पास होऊन फाटकातून आत येईपर्यंत त्याने एकही पान तोडलं नाही. मग घाईघाईने मुकुट विणला आणि गडबडीत माप घेतलं ते भलत्याच मोठ्या कढईवर. मुकुट घसरून थेट गळ्यात!

"मेल्या, मुकुट केलास की बैलाचा साज?" ती हसता हसता रडली. मलाही भरून आलं.

आता ओर्तेन्सिया नाही. तिचा मुकुट चुलीशेजारच्या खिळ्यावर वाळतोय. रश्श्याला पान लागलं की बेपी काठी टेकत, अंगण ओलांडून माझ्याकडे येतो. हाताशी असलेल्या त्या मुकुटाला तो शिवत नाही.

म्हणून मुकुटासाठी डहाळ्या न्यायला आलात, तर एवढंच मागतो, बाबांनो: माझ्या खालच्या फांद्या छाटू नका. त्याचा हात आता वर पोचत नाही.