पुलाखालची देवी

"शेंदूर देवीचा नि तेल माझ्या घरचं! ह्या बायांच्या घरची तेलं काय उंदीर पितात?"

रखमाबाई मंगळवारचं ताट भरताना पुटपुटत होत्या. पुटपुटणं असं, की ओटीवर बसलेल्यालाही ऐकू जावं. सून प्रेमला चुलीपाशी भाकरी थापत होती. नवरा विठ्ठल गेल्यापासून त्या ताटाला तिचा हात चालत नव्हता. ताट घासायला मात्र तिचाच हात चाले.

देवी म्हणजे खाडीवरच्या पुलाचा काठावरचा खांब. काही वर्षांमागे त्याला भेग पडली आणि भेगेतून तांबूस ओघळ उतरला. रखमाबाईंनी तो सगळ्यांच्या आधी पाहिला. लगबगीने घरून करंडा आणला, ओघळावर कुंकवाचं बोट टेकलं आणि म्हणाल्या, "आई परगटली." मग काय, नारळ आले, घंटा आली, पत्र्याची शेड आली. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात कोयता बाहेर राहिला तर त्याला कसला रंग चढतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण खांबापुढे हात जोडले की सगळ्यांनाच विसर पडे.

विसरण्यात सोयही होती. पूल बांधला तेव्हा त्याची रेती तुळशीदासांच्या होड्यांतून आली होती. गोड्या पाण्यात धुऊन द्यायची, असं ठरलेलं. होड्या मात्र खाडीतून थेट काँक्रीटच्या मिक्सरपाशी लागत. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण तुळशीदास म्हणजे रखमाबाईंचे यजमान, गावचे पंच. कोणाच्या लग्नात मांडव घालणारा, कोणाच्या मयताला लाकडं देणारा माणूस. त्याला रेतीचं कोण विचारणार?

पावसाळ्याआधी फेबियन आला होता. ख्रिस्ती आळीतला, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. त्याने खांबावर हातोडी मारून पाहिली आणि ओटीवर येऊन बसला.

"काका, आतल्या सळया गंजून फुगल्यात. त्याच काँक्रीटला बाहेर ढकलतायत. सैल झालेलं सगळं फोडून सळया नव्या घालायला हव्यात."

"अरे, एस्टी जाते की रोज त्याच्यावरून."

"एस्टीचं वजन वरून येतं काका, ते खांब अजून पेलतो. भूकंपाचा धक्का आडवा बसतो. तेव्हा खांबाला धरून ठेवतात त्या सळयाच. भातसा धरणाकडे जमीन हलतेय, ऐकलंत ना?"

"देवीवर छिन्नी चालवनार?" रखमाबाई आतून कडाडल्या. "फेबियन, तुमच्या चर्चातल्या मूर्तीवर चालवशील?"

फेबियन ओशाळला. चहा पिऊन गेला. गावाचा विरोध आहे, असा शेरा मारून खात्याने काम लांबणीवर टाकलं. तोही पुन्हा फिरकला नाही. भांडण कोणाला हवं असतं?

प्रेमला दाराआड उभी होती. एकदा वाटलं, पुढे व्हावं. पण नवरा नसलेल्या सुनेने त्याच घरची भाकरी खाऊन त्याच घरच्या देवीविरुद्ध बोलायचं, म्हणजे आपल्या हाताने दार लावून घ्यायचं. ती पुन्हा चुलीपाशी गेली.

पाऊस सरला आणि नणंद विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. देवीपुढे तिची ओटी भरायचं ठरलं. बायका पुलाखाली जमल्या. विनी खांबाला पाठ टेकून पाटावर बसली. प्रेमला शेडबाहेर, चपलांपाशी.

तिथूनच तिला दिसलं. विनीच्या हिरव्या पदरावर वरून चुरा पडत होता. ती तडक आत शिरली आणि खांबाला हात लावला. भाकरीएवढी खपली तिच्या हातात आली. मागे सळई होती, चिंचेच्या शेंगेसारखी फुगलेली, भुगा झालेली.

"विनी, ऊठ. बाहेर चल."

"वैनी, ओटी भरतायत ना!" विनी हसली. "तू पन बस इथंच. आज तुला कोन बोलतंय ते बघते मी."

"हात काढ आधी!" बायका ओरडल्या.

रखमाबाईंनी प्रेमलाच्या हातातली खपली पाहिली. दोघींची नजर एकदा भेटली. मग रखमाबाईंनी तोंड फिरवलं.

"जा, चपलांपाशी बस."

नारळ ओटीत पडला आणि जमीन हलली. फार नाही. गावात एकही भिंत तडकली नाही, फळीवरचे पेले किणकिणले, एवढंच. खांब मात्र कमरेत फुटला आणि पुलाचा वरचा गाळा एका अंगाने शेडवर बसला. बायका धावत सुटल्या. जड अंगाच्या विनीला उठताच आलं नाही.

समाचाराला आलेल्या बायका माजघरात दाटीने बसल्या होत्या. ओटीवर तुळशीदास मान खाली घालून.

"विधवेचा हात लागला. कोपनारच आई."

"हिला माहेरी धाडा बाई. घराला बरं नाय."

"पलीकडच्या काठाच्या खांबालाबी ओघळ आलाय. काल कुंकू वाहून आलो आम्ही."

प्रेमला कोपऱ्यात उभी होती. तिने बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. ती ते उचलायला वाकली.

"ठेव ते," रखमाबाई म्हणाल्या. विनी गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. रखमाबाईंनी एकदा ओटीकडे पाहिलं. मग त्या बोलल्या, ओटीवर नीट ऐकू जाईल अशा.

"हिच्या हातानं काय नाय झालं. देवी नव्हतीच ती. गंज होता, ह्यांच्या खाऱ्या रेतीचा. मला पहिल्या दिवशीच कळलेलं, म्हनून तर कुंकू लावलं."