आर्लीनबाईंच्या डाव्या नाकपुडीतून

मित्रांनो, मी एक जुना रोमक आहे. जुना म्हणजे दीड-दोन महिन्यांचा. आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येते. आर्लीन थिबो नावाच्या बाईंच्या डाव्या नाकपुडीत, आतल्या ओल्या अस्तरावर मी उभा आहे. मी इतका बारीक केस आहे की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.

आमच्यावर शेंबडाची पातळ चादर पसरलेली असते. धूळ, धूर, जंतू तिला चिकटतात. आम्ही सगळे शेजारी मिळून सेकंदाला दहा-बारा वेळा हलतो आणि ती चादर घशाकडे ढकलतो. शेंबूड म्हटले की तुम्ही तोंड वाकडे करता. करा खुशाल. पण तो वाहता ठेवणाऱ्यांचे नाव कधी कोणी घेतले आहे का?

आर्लीनबाईंचे व्हरमाँट या थंड, डोंगराळ मुलखात मेपलच्या झाडांचे गुऱ्हाळ आहे. मार्चमध्ये झाडांचा रस काढायचा आणि मोठ्या काहिलीत आटवून पाक करायचा. एप्रिलमध्ये कळ्या फुगू लागल्या की रस बिघडतो आणि पाकाला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. तो वास वाफेतच ओळखून आता थांबा असे सांगणारे एक नाक प्रत्येक गुऱ्हाळात असते. थिबोंकडे वडिलांनंतर ते आर्लीनबाईंचे. बावीस वर्षांत त्या एकदाही चुकल्या नव्हत्या.

यंदा मार्चच्या मध्यात त्यांना सर्दी झाली आणि त्यांनी नाक मोकळे करणारा फवारा आणला. पहिल्या दिवशी मीही खूश झालो, हे कबूल करतो. अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसल्या, सूज उतरली, नाकात वारा खेळू लागला. खोक्यावर लिहिले होते की तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. पण वाचतो कोण? सर्दी गेली, फवारा राहिला. वाफ हुंगायच्या आधी दोन फवारे, हा बाईंचा नेमच झाला. नाक मोकळे असले की वास नेमका कळेल, असे त्यांना वाटे.

तिथेच घोडे पेंड खात होते. फवाऱ्याचा अंमल उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त फुगे, मग पुन्हा फवारा. ते औषध, आणि ते टिकावे म्हणून त्यात घातलेले रसायन, रोज आमच्या अंगावर पडे. आमचे हलणे मंदावले. शेजारचे काही तर थांबलेच. चादर जागच्या जागी घट्ट होऊ लागली आणि वास तिच्यातच अडकू लागला. मी सांगणार तरी कसे? रोमकाला तोंड नसते. एक जोरदार शिंक आणावी असे फार वाटे, पण तेही आमच्या हातात नाही. मी नुसता चिडत राहिलो आणि अर्ध्या वेगाने हलत राहिलो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी फवारे मारले, वाफेवर झुकल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. चालू दे."

दोन दिवसांनी त्यांच्या धाकट्या भावाने, क्लिफर्डने, त्या पाकाचे पिंप उघडले आणि चमचाभर चाखून बघितला.

"ताई, हे चाखलंस तू?"

"चाखलं की. का रे?"

"नुसता कोबी उकडलाय. अख्खं पिंप वाया गेलं. तुला खरंच वास नाही आला?"

"सर्दी आहे जरा."

"जरा? महिना झाला तुझ्या जराला. ती बाटली उशाशी घेऊन झोपतेस तू. ऊठ, डॉक्टरकडे चल."

डॉक्टरीणबाईंनी नाकात डोकावून पाहिले. मग सॅकरिनचा एक कण आमच्या जवळ ठेवला आणि म्हणाल्या, "घशात गोड लागलं की सांगा." तो कण घशापर्यंत नेणे आमचे काम. धडधाकट नाकात दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आमचे काम कोणीतरी घड्याळ लावून बघत होते, आणि नेमके तेव्हाच आमच्यात त्राण नव्हते. तरी आम्ही जीव तोडून ढकलले.

"लागलं गोड?" वीस मिनिटांनी क्लिफर्डने विचारले.

"नाही."

"जन्म पाकात गेला तुझा, आणि तुलाच गोड लागेना?"

"गप बस."

त्रेचाळिसाव्या मिनिटाला त्यांना गोड लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सर्दीनंही हे मंदावतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण महिनाभर फवारा म्हणजे फारच झालं. आजपासून बंद. आठ-दहा दिवस नाक चोंदेल, तरी बाटलीला हात लावायचा नाही. मिठाच्या पाण्यानं धुवा. नाक हळूहळू ताळ्यावर येईल."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या थंड उतारावरचा रस काहिलीत उकळत होता. तिथल्या कळ्या उशिरा फुगतात, म्हणून थोडी आशा होती. बाई सवयीने वाफेवर झुकल्या. श्वास आत जाईना. त्या मागे सरकल्या.

"क्लिफ, तू हुंग."

"मी? ताई, हे तुझं काम आहे."

"हुंग म्हणते ना."

तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मग म्हणाला, "संपलं. आग विझवू या."

बाईंनी आग विझवली. त्याचे बरोबर होते की चूक, हे त्यांना कळले नाही. मलाही नाही.

मित्रांनो, बाईंचे नाक बरे होईल, पण तोवर मी नसेन. नाक चोंदले तर औषध जरूर घ्या, पण चौथ्या दिवशी ते खाली ठेवा. कौतुक आम्हाला कधी मिळाले नाही, ते आताही नको. फक्त आम्हाला हलू द्या.