यान उतरतानाचा आवाज

माझा भाऊ फिलिप पुण्याला रेडिओच्या नाटकांसाठी आवाज तयार करी. त्यामुळे मंगळावरची ती मालिका लागल्यापासून तो मिरजगावला आला, की लोक त्याला चहासुद्धा सुखानं पिऊ देत नसत.

"मंगळाची राणी दिसाया कशी हाय?"

"चष्मा लावते. दोन नातवंडं आहेत."

"आन् तिथला पाऊस?"

"परातीतले वाटाणे."

सगळे हसले. गोजरमावशी तेवढ्या हसल्या नाहीत. "यान वर जाताना जे करकरतं, ती आमची मोट न्हवं?"

फिलिप चपापला. मागे त्यानं त्यांच्या विहिरीवर टेप लावला होता आणि तोच आवाज संथ करून यान उडवलं होतं. आता विहीर कोरडी पडली होती, बैल छावणीत होते आणि मोट हाकणारे मावशींचे यजमान, रंगनाथकाका, तर राहिलेच नव्हते.

"यान परत येतं का रं?"

"नाही मावशी. गोष्टीत ते वरच राहतं."

"आसं कसं? मोट वर आली की बैल मागं घ्यावंच लागत्यात. उतरतानाचं बी घेतलं आसशील की."

घेतलं होतं. पुण्याला जाऊन फिलिप लेखकाच्या मागेच लागला.

शेवटच्या भागात यान उतरलं. करकर सैलावत गेली आणि तिच्यातून, पाण्याखालून यावं तसं कुणीतरी म्हणालं, "मागं ये राजा, मागं..."

आम्हाला आधी ती मंगळाची भाषा वाटली. गोजरमावशींनी मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला, काका शेतातून आले की करायच्या तसा.