जामीन राहिलेला फोक

घाबरू नका, मीच बोलतोय. कंपनीच्या भिंतीलगत खोडाला बांधलेली ही काठी दिसते ना, तीच मी. लोक काठी म्हणतात. मी धनुष्य आहे.

चाकणच्या वरच्या अंगाला भिवा म्हाताऱ्याचा बांध होता. त्या बांधावर धामणीच्या एका खोडाला आम्ही दोन सरळ फोक फुटलो. एक थोरला, एक मी. धामण वाकते, पण मोडत नाही, म्हणून भिवाच्या घरात बापजाद्यांपासून धनुष्य करायचं ते धामणीचंच.

त्यांची एक रीत होती. एका खोडाचे दोन फोक असले, तर एकच तोडायचा आणि दुसरा उभा ठेवायचा. त्या उभ्या फोकाला ते जामीन म्हणत. जामीन उभा आहे तोवर ओढणाऱ्याला इजा होत नाही, सगळा ताण तो आपल्या अंगावर घेतो. वारा नसताना एकटाच वाकणारा फोक भिवानं लहानपणी पाहिला होता.

पुढं ती जमीन कंपनीला गेली. भिवाची नात मिनल तेव्हा तिरंदाजी शिकत होती, लाकडी धनुष्याच्या गटात.

"आबा, एक नको, दोन करा. स्पेअर लागतंच."

आठ दिवसांत भिंत उठणार होती. अंधाऱ्या पंधरवड्यात भिवा कोयता घेऊन आला. थोरल्याला तोडलं आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. "भिंत उठल्यावर तुला तरी कोण ठेवतंय, बाबा," असं पुटपुटला आणि मलाही तोडलं.

तेवढीच त्याची चूक.

भिवाच्या संत तुकाराम नगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत आम्ही दहा महिने सावलीत वाळत पडलो. त्याची बायको सोजरबाई रोज ओरडायची, "धुणं वाळत घालायला जागा न्हाई, आन् तुमची लाकडं झोपल्यात पाय पसरून!" भिवा नुसता हसायचा. वाळल्यावर त्यानं काचेच्या तुकड्यानं आम्हाला खरवडलं, एरंडेल पाजलं, घायपाताची दोरी वळली. थोरला मिनलसोबत मैदानावर गेला. मी खिळ्याला टांगलेला, दोरी उतरवून, सैल.

एका दुपारी ती सैल दोरी टणकन वाजली.

"कोन हाय?" सोजरबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. भिवानं उठून माझ्या पोटावर हात ठेवला. मी तापलो होतो.

थोड्या वेळानं फोन आला. दोरी पुरी ओढलेली असताना थोरला मोडला होता आणि त्याची कपची मिनलच्या भुवईत घुसली होती. बोटभर खाली असती तर डोळा गेला असता.

पोरगी टाके घालून आली ती हसतच. "आबा, रविवारी निवड आहे. दुसरं आहे ना आपलं?"

"त्याला हात लावू नगं. त्याला जामीन न्हाई."

"आबा, मी काय कर्ज काढतेय का?"

भिवा हसला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तो मला काखेत घेऊन इथं आला. गेटवर नवनाथ नावाचा गार्ड होता, लातूरकडचा.

"बाबा, काठी घेऊन कुठं निघालात?"

"इथल्याच खोडाची हाय. परत द्यायला आलोय."

"इथून न्यायला लई जण येतात. परत द्यायला तुम्हीच पहिले," असं म्हणून त्यानं गेट उघडलं.

खोड भिंतीच्या कोपऱ्यात तसंच होतं. तोडून वर्ष होत आलं, तरी आमचे दोन्ही घाव ओलेच होते. भिवानं मला माझ्याच घावावर उभं केलं आणि माझ्याच दोरीनं बांधलं. "धनुष्य कंचंबी असू दे, पोरीचं तेवढं बघ," एवढंच बोलला. नवनाथला आपला नंबर देऊन गेला.

मिनलनं दोन दिवस अबोला धरला आणि मैत्रिणीचं बांबूचं धनुष्य मागून घेतलं.

रविवारी भर उन्हात कंपनीचा झेंडा खांबाला चिकटून पडला होता. तेव्हा मला ओढ लागली. नवनाथनं फोन लावला, आवाज मोठा करून.

"बाबा, तुमची काठी वाकायलीय! आपोआप!"

"मोज," पलीकडून, मैदानावरनं भिवा म्हणाला. "छत्तीस बाण हायेत तिचे."

"मोजायला जवळ जावं लागंल की!"

"लांबूनच मोज, पर मोज."

नवनाथ मोजत राहिला. तिकडं बाण सुटला की इकडं मी सरळ व्हायचो. एकतिसाव्याला मी कडाडलो. पोटापासून वीतभर चीर गेली.

"बाबा, मोडली वाटतं!"

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग लांबून पोरीचा आवाज आला, "आबा, उभे का राहिलात? बसा ना, अजून पाच आहेत."

ते पाचही मी घेतले. तिची निवड झाली का, मला ठाऊक नाही. डोळे दोन्ही शाबूत आहेत.

माझी चीर अजून मिटलेली नाही. तिच्या खाली दोन पानं आलीत. नवनाथ बाटलीतलं अर्धं पाणी मला ओततो, पण माझ्याकडं पाठ करून बसत नाही.

परवा मोजणीवाले आले होते. इथं पार्किंग वाढवणार म्हणतात. माझ्यावर चुन्याची खूण केलीय. मला काढायचंच असेल तर काढा, बाबांनो. फक्त आधी भिवाला फोन करा आणि विचारा, पोरगी आत्ता मैदानावर आहे का.