मास्तरांच्या खांद्यावरची जागा

इतकी वर्षं लोक माझ्या तोंडाशी येऊन बोलले आणि मी मुकाट ऐकत राहिलो. आज मी बोलतोय. मी शिंपीमास्तरांच्या दुकानातला तारेचा फोन. माझा रंग एके काळी क्रीम होता, आता फार तर कपातल्या चहासारखा म्हणा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते इथलंच. मास्तरांचं लग्न नवीन, दुकान नवीन आणि मीही नवीन. कापायच्या टेबलाशेजारी फळीवर मला बसवलं आणि पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझा रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला. एका हातात कापड, दुसऱ्यात कात्री, मग फोन धरायचा कशात? मानेत. तिथे मी सुखानं राहिलो. कोटांची मापं, गिऱ्हाइकांची बोलणी, मास्तरांचं ते "उद्या नक्की देतो," सगळं मी तिथूनच ऐकलं. त्यापायी त्यांची मान उजवीकडे कायमची कलली. फोटोतसुद्धा ते कोणाचं तरी ऐकत असल्यासारखे दिसतात.

त्यांची बायको शेजारी बसून काजं-बटणं करते. ती म्हणायची, "माझं एवढं ऐकलं असतंत तर मान माझ्याकडे कलली असती." मला ते ऐकून बरं वाटायचं.

लेक शिकली, लांब नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा, अर्थात माझ्यावर. मग एकदा ती सुटीला आली आणि येताना माझी सवत घेऊन आली.

काळी, चकचकीत. मिटली की पावडरच्या डबीएवढी आणि उघडली की पुरता स्मार्टफोन. लेक म्हणाली, "बाबा, आता इंटरनेटवरून बोलायचं. यात चेहरा दिसतो."

"तुझा चेहरा मला पाठ आहे," मास्तर म्हणाले, पण डबी काही हातातून सुटेना. उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला असं उगाच कोणी कधी हाताळलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निघताना लेक म्हणाली, "तो जुना फोन आता बंद करून टाका."

"बघू," मास्तर म्हणाले. ज्या कापडाला मास्तर "बघू" म्हणतात ते चिंध्यांच्या पिशवीत जातं, हे मी जाणून होतो.

रविवारी सवत गाऊ लागली. मास्तर एका कोटाच्या बाहीला तुरपाई घालत होते. त्यांनी डबी उघडली, बटण दाबलं आणि सवयीनं ती मानेत धरली.

"बाबा, कान काय दाखवताय? तोंड दाखवा."

"हात गुंतलेत गं. तू बोल."

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सवतीचा आवाज मोठा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. लेक म्हणाली, "रागवू नका. मी नोकरी सोडतेय. मला तुमच्याजवळ दुकानात बसायचंय, शिवण शिकायचंय."

माझ्या पोरीच्या हातात सुई देणार नाही, असं मास्तर जन्मभर म्हणत आलेले. ते दचकले, मान जोरात दाबली गेली आणि डबी मिटली. बोलणं तुटलं.

"कट केलात?" बायकोनं विचारलं.

"मी नाही केला. मिटला तो." मास्तरांनी डबी उघडली, पण परत फोन कुठून लावायचा ते त्यांना कळेना. जिरली, असं मी मनात म्हणालो, आणि तेवढ्यात मीच वाजलो. माझा नंबर लेकीला तोंडपाठ.

माझी तार जुनी, आवाज खरखरतो. मनात आलं, आज पुरतं खरखरावं. ही पोर दुकानात आली की सगळ्यांत आधी मलाच काढेल. पण ती रडत होती. तिचं रडणं मी पहिल्यापासून नीट पोचवत आलोय, तेही पोचवलं.

"इतका राग आला, बाबा? माझ्या तोंडावर फोन बंद केलात?"

"अगं पोरी, मानेत धरला होता. मिटला."

पलीकडे ओलं हसू. "मग मी येऊ?"

मास्तरांनी सुई खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "ये," ते म्हणाले. "पण काजांपासून सुरुवात करावी लागेल."

लेक आली. अपेक्षेप्रमाणे माझी तार निघाली. आता मी वरच्या फळीवर असतो, माझ्या अंगावर मापाची टेप टांगतात. सवत टेबलावर अर्धी उघडून आरशासारखी उभी असते. गिऱ्हाईक तिच्यात दिसतं, मास्तरांचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि लेक तिला रोज मऊ फडक्यानं पुसते. बघून जीव जळतो, खोटं कशाला बोलू?

पण कोणी बोलू लागलं की मास्तरांची मान हळूच उजवीकडे, रिकाम्या खांद्याकडे कलते. तिथे अजून मीच आहे. लेक म्हणते, बाबांना मानेचे व्यायाम लावायला हवेत. पोरी, मला खुशाल भंगारात दे. ती मान मात्र राहू दे.