पलीकडच्यांचं मत

"मावशी, पुन्हा फ्रेममध्ये आलात! सरका ना जरा."

माईकवाली मुलगी आता चिडायचंही विसरली होती. पहिल्या दिवशी तिनं हात जोडून विनवलं होतं, दुसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या घालून पाहिल्या होत्या. आणि आता ती नुसतं "सरका" म्हणायची, पायात घुटमळणाऱ्या मांजराला म्हणावं तसं. थिएटरच्या बाहेर पडायच्या दाराशी ती कॅमेरा लावून उभी राहायची. शो सुटला की माणसांचा लोंढा बाहेर यायचा आणि ही प्रत्येकाच्या तोंडासमोर माईक धरायची. कसा वाटला? जुना बघितलाय? जुना भारी की नवा?

आणि या सगळ्या गडबडीत, दाराशेजारच्या खांबाला टेकून, गर्दीकडे चक्क पाठ करून, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या असायच्या.

"अशा पाठ फिरवून काय उभ्या राहता हो?"

"मला बघायचं नाहीये, ऐकायचंय."

"ऐकायचंय काय त्यात? सगळे तेच तेच बोलतात."

तसे ते बोलायचेच. "एकदम भारी! तिजोरी उघडताना मी श्वासच घेतला नाही!" "जुन्याची सर नाही हो. जुन्यात नुसत्या डोळ्यांनी बोलायचे, इथे सगळे किंचाळतात." "मध्यंतरानंतर मला मस्त झोप लागली." "लागली काय, घोरत होती!" "तू गप रे." आणि मग हमखास कुणीतरी म्हणायचं, "शेवट मात्र झकास केलाय. जुन्यात काही कळायचंच नाही, तो ड्रायव्हर फितूर होता की नाही ते. इथे स्पष्ट दाखवलं. बिचाऱ्याची गाडीच बंद पडली होती."

हे ऐकलं की खांबाशी उभ्या बाई मान डोलवायच्या. पण त्यांचं लक्ष शब्दांकडे नसायचं, आवाजाकडे असायचं. हा नाही. हाही नाही. पुढचा.

राहत्या इमारतीत त्यांना सगळे अजून ऑपरेटरबाई म्हणत, जरी ऑपरेटर म्हणजे काय हे इमारतीतल्या निम्म्या पोरांना ठाऊक नव्हतं. बाईंचं उभं आयुष्य परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डासमोर गेलं होतं. समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत दोऱ्या, डोक्यावर हेडफोनचा पट्टा. त्या पट्ट्यानं केसांत कायमची एक पायवाट पाडून ठेवली होती. या गावच्या माणसाची दोरी त्या गावच्या भोकात खुपसायची आणि आपण बाजूला व्हायचं. कुणाला मुलगी झाली, कुणाचं ठरलेलं मोडलं, कुणाचा बाप गेला, सगळं त्यांच्या बोटांखालून वाहत जायचं. त्यांच्या वाट्याचं वाक्य एकच : "तीन मिनिटं झाली, वाढवू?"

दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजवर बसायचा एक पुरुष. नाव विचारायचं नाही आणि सांगायचं तर मुळीच नाही, असा नियम होता. वरच्या बाई कधी लाइनवर कान लावून बसतील याचा नेम नसायचा. म्हणून या त्यांना 'पलीकडचे' म्हणत आणि ते यांना 'पलीकडच्या'. दुपारची जेवणं झाली की कॉल थंडावायचे. मग दोघांचं सुरू व्हायचं.

तो बँकलुटीचा सिनेमा दोन्ही गावांत एकाच आठवड्यात लागला होता. चार जण तिजोरी फोडून धावत बाहेर येतात, पाचवा गाडीत तयार बसलेला. तो किल्ली फिरवतो. गाडी चालू होत नाही. तो आरशात बघतो, आणि संपलं! पडद्यावर अंधार. आख्ख्या थिएटरनं बोंब मारली होती म्हणे.

"फितूर होता तो," पलीकडून पहिल्याच दिवशी निकाल आला.

"काहीतरीच! गाडी बंद पडली त्याची."

"पलीकडच्या, फार भोळ्या तुम्ही. गाडी बंद पडली की माणूस काय करतो? किल्ली फिरवतो. परत फिरवतो. शिव्या घालतो, परत फिरवतो. यानं किती वेळा फिरवली?"

"...एकदा."

"एकदाच! आणि आरशात बघत बसला. का?"

"हात कापत असतील बिचाऱ्याचे."

"दिसले का कापताना?"

"मग तुम्हाला त्याचं मन दिसलं वाटतं!"

"छे छे, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"ठेवा मग."

"तुम्ही ठेवा."

कुणीच ठेवायचं नाही. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. पिकल्या केसांपर्यंत चाललं. बाईंची आई गेली, घरात दुसरं कुणी नव्हतं. रजा संपवून त्या बोर्डावर परतल्या तेव्हा शेजारच्या सगळ्या जणी येऊन काय काय समजुतीचं बोलून गेल्या. दुपारी लाइन लागली. पलीकडचे बराच वेळ नुसते खाकरत राहिले. मग म्हणाले, "तरीपण, फितूरच होता तो." बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. पलीकडच्यांनी लाइन तशीच धरून ठेवली. "वाढवू?" एवढंच मध्ये एकदा म्हणाले.

तसलं काही मनात होतं का, असं कुणी विचारलं असतं तर बाई चप्पल घेऊन धावल्या असत्या.

मग यंत्रं आली. लोक घरबसल्या आपले आपण नंबर फिरवायला लागले. पलीकडचं एक्स्चेंज आधी बंद झालं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "पोराला तुमच्याच गावी नोकरी लागलीय. म्हातारपणी आम्हीही येऊ तिकडे पाय पसरायला. मग बघू समोरासमोर, कोण खरं ते." दुसऱ्या दिवसापासून बोर्डावरचा त्यांच्या लाइनचा दिवा लागलाच नाही. पुढे बाईंनी वरच्या कचेरीत चौकशीही केली. तिथल्या कारकुनानं पेन उचलून विचारलं, "नाव?" आता 'पलीकडचे' म्हणून कसं सांगणार! बाई आल्या पावली परत फिरल्या.

आणि आता इतक्या वर्षांनी तोच सिनेमा नव्यानं काढला होता कुणीतरी. बाई पहिल्याच खेळाला गेल्या. गाडीचं इंजिनच बिघडलं होतं, ड्रायव्हर निर्दोष होता, हे पडद्यावर ढळढळीत दाखवलं तशा त्या शेजारच्या खुर्चीकडे वळून एकदम ओरडल्या, "बघितलंत!" शेजारचा मुलगा मक्याच्या लाह्यांची मूठ तोंडाशी धरून थिजला. "हो, बघतोय ना," म्हणाला बिचारा.

त्या दिवशी बाहेर आल्याबरोबर बाईंनी माईकवाल्या मुलीला धरून चहा पाजला होता. का, तर म्हणे जिंकले मी! पण जिंकल्याचं ज्याला सांगायचं तो कुठे होता? गावात हा सिनेमा याच एका थिएटरला लागला होता. ते गावात असतील तर येणारच. आल्याशिवाय राहवणारच नाही त्यांना. चेहरा माहीत नव्हता, पण आवाज? लाख माणसांतून ओळखला असता. चेहरे बघत बसलं की कान बोथट होतात, म्हणून बाई पाठ करून उभ्या राहायच्या.

आठवडाभरानं एके दिवशी दुपारचा शो सुटला आणि मागून आवाज आला.

"छे छे, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

तोच सूर, बाईंनी ओळखला. त्या गर्रकन वळल्या. एक उंच म्हातारे गृहस्थ बायकोला उपरोधानं अहोजाहो करत वाद घालत जिना उतरत होते.

"ऐका ना, तुम्ही ट्रंक एक्स्चेंजला होतात का?" बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"मी?" गृहस्थ थांबले. "नाही हो. औषधांचं दुकान होतं माझं."

"आवाज अगदी... एकांसारखा वाटला."

"कुणाचाही वाटेल." ते हसले. हसणंसुद्धा खरखरीत होतं. "हा माझा आवाज नाहीच मुळी. घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हा फाटका भोंगा. पहिला असा गोड होता की गिऱ्हाईक नुसतं बोलायला यायचं."

"काही गोड वगैरे नव्हता," बायको म्हणाली. "पण खरंय बाई. परवा फोन केला यांनी, मी म्हटलं कोण बोलतंय? नवऱ्याला!"

"म्हातारपणी दात जातात, आवाज जातो. चालायचंच," म्हणत ते दोघं गेले.

बाई खांबाशी परत गेल्या नाहीत. गर्दीच्या मधोमध उभ्याच राहिल्या, आणि लोक त्यांना वळसा घालून जात राहिले. आवाज जातो. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या कानात पलीकडचे होते तसेच होते, एका दिवसानंही म्हातारे न झालेले. गेल्या आठवड्यात या दारातून किती म्हातारे बाहेर पडले. कुणी खोकत, कुणी बोबडं बोलत, कुणी काहीच न बोलता सुनेचा हात धरून. त्यात ते असले तर? अगदी पाठीला घासून गेले असले तर? आणि आपला तरी आवाज आता तो कुठे राहिलाय!

"मावशी, बसता का? पाणी देऊ?" मुलीनं विचारलं.

"नको." बाईंनी केसांवरून हात फिरवला. "मत द्यायचंय मला."

"अय्या! या ना, या! मी कधीची वाट बघतेय." मुलीनं पटकन त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "बोला, जुना की नवा?"

बाईंनी माईक तिच्या हातातून सरळ काढूनच घेतला.

"नवा चुकलाय," त्या म्हणाल्या. शब्द कसे स्वच्छ, सुटे सुटे, लांबच्या गावी पोचवायचे असल्यासारखे. "तो ड्रायव्हर फितूर होता."

मुलीचे डोळे विस्फारले. "अहो, पण तुम्ही तर त्या दिवशी म्हणालात की तुमचंच खरं ठरलं! चहा पाजलात मला!"

"माझं मत आता सगळ्यांचंच झालंय गं. कुणाच्याही तोंडी सापडेल. हे मत एकाच माणसाचं आहे. कानावर पडलं तर तो ओळखेल." बाई पुन्हा कॅमेऱ्याकडे वळल्या. "गाडी बंद पडली की माणूस किल्ली परत परत फिरवतो. यानं एकदाच फिरवली. एकदाच! आणि आरशात बघत बसला. का?"

"ओ काकू!" जाता जाता एक तरुण थांबला. "इंजिन बिघडलं होतं, दाखवलंय की!"

"दाखवलं म्हणजे खरं झालं होय? एकदा फिरवून कळलं वाटतं त्याला इंजिन गेलंय ते?"

"घाबरला असेल."

"दिसला का घाबरलेला?"

"आता मन थोडंच दिसतं, काकू!"

बाईंनी आपलंच जुनं वाक्य ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "छे छे. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

लोक हसले. तरुणानं हसतच हात जोडले आणि तो मित्रांना गाठायला पळाला. बघता बघता दार मोकळं झालं. आतून खुर्च्या आपटून मिटल्याचे आवाज येऊ लागले, झाडूवाला लाह्या गोळा करू लागला. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका विझला.

"मस्त झालं, मावशी. उद्या टाकते सगळीकडे," म्हणत मुलीनं माईकसाठी हात पुढे केला.

बाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी माईक उजव्या कानाला घट्ट लावला होता, आणि लाइनवर खरखर असली की करतात तसं डाव्या कानात बोट घातलं होतं.

मुलीनं हात मागे घेतला. ती कॅमेऱ्याच्या टोकाकडून वायर गुंडाळायला लागली, अगदी सावकाश.