वासराचे दोन भाग

मी खाटीक. चाळीस वर्षं सुरी चालवतोय, पण राजवाड्यातून बोलावणं आलं ते एकदाच. शत्रूनं शहराला वेढा घातला होता आणि आमच्या राजाला एकाएकी देव आठवला होता. गुलामाला सातव्या वर्षी मोकळं करावं, हा देवाचा नियम. राजासकट सगळ्या बड्या लोकांनी तो कधीच धाब्यावर बसवला होता. आता गळ्याशी आल्यावर ठरलं, की सगळ्यांना सोडायचं आणि देवासमोर तशी शपथ घ्यायची.

या शपथेला वासरू लागतं. ते उभं चिरून दोन भाग समोरासमोर ठेवायचे आणि शपथ घेणाऱ्यानं मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. वासरू मीच निवडलं. दावं सोडताना ते माझा हात चाटत होतं. मी मन घट्ट केलं, कारण प्रधानाच्या घरी माझी पोर राबत होती. दुष्काळात घरात दाणा नव्हता, तेव्हा मीच तिला तिथे पोचवली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

प्रधान मधून गेला तो अंगरखा वर धरून, रक्त लागू नये म्हणून. चपलांना लागलंच. ते मी पुसलं.

भिंगरी घरी आली. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव. आता दिवसभर भिंतीला लागून उभी राहायची, कोणी सांगितल्याशिवाय बसायची नाही. तिची आई "बस गं" म्हणायची आणि तोंड फिरवून रडायची. मग एका सकाळी भिंगरीनं माझ्या घोरण्याची अशी हुबेहूब नक्कल केली, की आम्ही तिघंही हसून हसून बेजार झालो. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात वेढा उठला. दुसरी कुठली फौज चालून येतेय असं ऐकून शत्रू निघून गेला. संकट टळलं, आणि बड्या घरांमध्ये भांडी घासायला माणूस नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

प्रधान दोन शिपाई घेऊन दुकानात आला. माझ्या हातात सुरी होती. मी म्हटलं, "प्रधानजी, तुमच्या चपलांचं रक्त मी पुसलंय."

"ते वेळेपुरतं होतं," तो म्हणाला. "पोरीला बोलाव."

भिंगरी आपणहून बाहेर आली. "बाबा, सुरी ठेव," म्हणाली. मी ठेवली. त्याची लाज अजून जात नाही.

राजाला देवाचा निरोप तोंडावर सांगितला, म्हणून एका म्हाताऱ्याला तुरुंगात डांबलं होतं. पहारेकऱ्यांचं मटण मी पोचवायचो, तशी त्याची ओळख. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शत्रूची फौज परत येईल. वासराचं झालं तेच यांचं होईल, देव विसरलेला नाही. मला इतका आनंद झाला, की रोज दुकान उघडण्याआधी मी देवाला म्हणायचो, लवकर कर. एकदा मी म्हाताऱ्याला विचारलं, "आणि त्यांच्या घरात राबणाऱ्यांचं काय?" तो गजांना डोकं टेकून रडायला लागला. वयानं हळवा झालाय, असं म्हणून मी पाटी उचलली आणि निघालो.

फौज आली. तट पडला. राजाला बेड्या घालून नेलं. प्रधान आपल्याच दारात पडला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलेला. घाव मला कळतो, धंदाच तो. त्याला ओलांडताना मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग मी आत धावलो.

भिंगरी स्वयंपाकघरात होती. तलवार तिथवर जाऊन आली होती. कोणी बस म्हटलं नव्हतं, तरी ती भिंतीला टेकून बसली होती. हाताला अजून राख होती, भांडी घासायची.

म्हाताऱ्याचा एकही शब्द खोटा ठरला नाही. देवानं माझंही ऐकलं. मी तिच्याशेजारी बसलो आणि मला ते वासरू आठवलं. त्यानं कसलीच शपथ घेतली नव्हती. ते नुसतं माझा हात चाटत होतं.